क्लिअरन्स मिळत नाही

४ मार्च, सोमवार

काढणार म्हणजे काढणारच! गाडी आहे ती, शोकेसमधली बाहुली नाही. मी नाही काढणार तर काय शेजारीण काढणार?

असं भाऊजींना तोंडावर सांगितलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी नोकरी बाहेरगावी झाली. आता रिटायर होऊन मागच्या दोन खोल्यांत राहायला आलेत. हाताशी फायली नाहीत म्हणून घरातल्या वस्तूंवर शेरे मारत फिरतात. आज शेरा पिकअपवर. म्हणे वहिनी, दादा गेल्यापासून ती अंगणात उभ्या उभ्या गंजतेय, एक गिऱ्हाईक चालून आलंय, देऊन टाकू. गाडी दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे नुसते डोळे वटारून भागत नाही.

म्हटलं, टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून रोपं बाजारात पाठवायची मला हौस नाही. माझी रोपं माझ्या गाडीतून जाणार.

शेवटी ठरलं असं. चोवीस तारखेच्या रविवारी गाडी रोपं घेऊन बाजारात गेली आणि आपल्या चाकांवर घरी आली, तर विक्रीचं नाव काढायचं नाही. नाही गेली, तर त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन घेऊन जाणार.

भाऊजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, जमेल ना? जमेल ना! ह्या गाडीत माझं अर्धं आयुष्य गेलं. आमचे हे तर चारचौघांत सांगायचे, गाडी ही चालवते, मी नुसता स्टेअरिंग धरतो. तेच भाऊजींना ऐकवलं.

संकल्प : रोज गाडी पुसायची. जीभ आवरायची.

५ मार्च, मंगळवार

गाडी पुसली. म्हणजे आरसा पुसला. त्यात स्वतःला बघण्यात सकाळ गेली. केस अजून बरे आहेत.

इंजिनाला काही झालेलं नाही, अधूनमधून चालू करून ठेवलं होतं भाऊजींनी. भानगड चाकांची आहे. दोन रिमा वाकड्या, तिसरीला चीर. हवा भरली की सुस्कारा टाकून खाली बसते, सासूबाई बसायच्या तशी. एक तेवढी धड आहे. स्टेपनीचा पत्ता नाही. ह्यांनीच कुणाला तरी दिली असणार. देण्यात हात सैल.

दुपारी मेकॅनिकला फोन. त्याला मी उद्याशेठ म्हणते, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नाही. म्हणाला, येतो काकू, उद्या.

७ मार्च, गुरुवार

उद्या काल येणार होता, तो आज आला.

गाडीभोवती फिरला, चाकांना लाथा मारल्या, दारं उघडली. म्हणाला, काकू, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढची मॅट फाटलीय. रबराला आरपार भोक. इंजिनाचं सोडून मॅट बघायला बोलावलं होतं का? म्हटलं, उंदीर.

रिमा बदलायला हव्यात म्हणाला. हे मला परवाच कळलं होतं. शिकलेल्या लोकांना उशिरा कळतं.

मग गाडीखाली शिरायला गेला आणि पोट अडकलं. ना आत, ना बाहेर. म्हटलं, शेठ, जॅक गाडीला लावू की तुम्हाला? भाऊजी खिडकीतून हसले. उद्याशेठचं तोंड लाल. चहा न घेताच गेला.

जीभ आवरायचा संकल्प उद्यापासून. आज प्रसंगच तसा होता.

९ मार्च, शनिवार

तो रुसलाय, फोन उचलत नाही. अडलंय माझं खेटर. स्वतः भंगारवाल्याकडे गेले.

आणि काय नशीब! चार रिमा, एकसारख्या, चांदीसारख्या झगझगीत, अलॉयच्या. कुठल्याशा नव्या गाडीच्या. भंगारवाला म्हणाला, मावशी, तुमच्या गाडीला बसतील का ते आधी बघून घ्या. म्हटलं, बाबा, भोकं मोजता येतात मला. आमच्या चाकाला सहा भोकं, ह्यांना सहा भोकं. भोकांमधलं अंतर दोरीने मोजलं, तेही बरोबर. आणखी काय पत्रिका जुळवायची आहे?

रिक्षात मी एका रिमेवर पाय ठेवून बसले होते. राणीसारखं वाटलं.

१० मार्च, रविवार

लेकीचा फोन. सगळं सविस्तर सांगितलं. ऐकून तिने एकच प्रश्न विचारला. आवाज तुटतोय असं सांगून मी फोन ठेवला.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.

१२ मार्च, मंगळवार

उद्याशेठचा रुसवा काढला. गॅरेजवर जाऊन, शेठ तुम्ही बारीक झालात, असं म्हणाले. देव मला माफ करो. लगेच हसला. रिमांवर जुने टायर चढवून आणतो म्हणाला. बसवतो कधी? उद्या.

१३ मार्च, बुधवार

आज भाऊजींशी कडाक्याचं भांडण. चूक त्यांचीच.

झालं असं. मी रोपांना पाणी घालत होते, उद्याशेठ गाडीपाशी. पंप चालू, नीट ऐकू येत नव्हतं. तो ओरडून म्हणाला, काकू, पुढे क्लिअरन्स मिळत नाहीये!

क्लिअरन्स हा शब्द आमच्या घरात एकच माणूस वापरतो. जन्मभर वापरला. ह्याला क्लिअरन्स दिला, त्याचा क्लिअरन्स अडवला. माझं डोकंच फिरलं. तशीच ओल्या पायांनी मागच्या खोलीत गेले. म्हटलं, भाऊजी, समोरून एक बोलता आणि मागून क्लिअरन्स अडवता? सही करायची नसेल तर तसं सांगा, गरीब मेकॅनिकला कशाला छळता? भाऊजी दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल मोकळा. म्हणाले, कसला क्लिअरन्स? मी म्हटलं, बघा, सोंग बघा!

वाटेल ते बोलले. ते लहानपणी पीठ चोरून खायचे, तेही काढलं.

शेवटी उद्याशेठने आम्हा दोघांना गाडीपाशी नेऊन दाखवलं. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. ब्रेक मारला की एक लोखंडी खेकडा त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो आणि गाडी थांबते. त्याला तो कॅलिपर म्हणतो, पण खेकडाच आहे तो. आमचा खेकडा अंगाने मोठा. नव्या रिमेच्या आतल्या दांड्या त्याला टेकतात. खेकडा आणि चाक यांच्यात मोकळी जागा हवी, तिचं नाव क्लिअरन्स. मागच्या चाकांना अडचण नाही, मागे खेकडाच नाही.

भाऊजी अर्ध्या दाढीने म्हणाले, म्हणजे हा अर्ज माझ्याकडे नव्हता तर.

माफी मागायची होती. पण त्यांनी असा टोमणा मारल्यावर कोण मागेल?

१४ मार्च, गुरुवार

उद्याशेठ विचारत होता, एवढ्या जुन्या गाडीला पुढे एवढे मोठे ब्रेक कुणी बसवले? कंपनीचे नाहीत हे.

ह्यांनी. आम्ही घाट उतरत होतो आणि मी ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होते. मी नेहमीच ओरडायचे. दुसऱ्याच दिवशी हे गाडी घेऊन गेले आणि मोठ्या गाडीचे ब्रेक लावून आणले. त्यांना पुरतील अशा रिमाही स्वतः शोधून आणल्या. म्हणाले, आता तरी तुझा जीव खाली बसू दे.

उद्याशेठला एवढंच सांगितलं, आमच्या ह्यांना हौस.

१५ मार्च, शुक्रवार

मी सुचवलेले उपाय आणि उद्याशेठचा आडमुठेपणा :

खेकडा थोडा घासून बारीक करू. म्हणाला, ब्रेकला कानस लावायला माझा हात धजणार नाही, काकू. (हात! उद्या धजेल.)

मग रिम घासू. म्हणाला, तुटेल.

मग चाकाच्या मागे डब्यांची झाकणं घालून ते बाहेर सरकवू. यावर त्याने आधी कपाळावर हात मारला. मग म्हणाला, झाकणं नाही, पण त्यासाठी लोखंडी पट्टी मिळते, गोल, स्पेसर. ती घालायची म्हणजे बोल्टही लांब घालावे लागतील, नाहीतर नट दोनच आट्यांवर धरेल आणि चाक आपल्या आधी बाजारात पोचेल.

म्हणजे कल्पना माझीच. तो तिला नुसतं इंग्रजी नाव देतो.

ब्रेकची पॅडही झिजलीत म्हणाला. पॅड म्हणजे खेकड्याच्या तोंडातल्या वड्या, ज्या थाळीला घासतात. ती आधी बदलू का म्हणाला. म्हटलं, काही नको, आधी चाकं बसव, दिसायला काहीतरी दिसू दे, गिऱ्हाईक येता-जाता डोकावतंय. वड्या शेवटी.

१७ मार्च, रविवार

आज माझ्या हुशारीला सीमा नाही.

स्पेसर बसले, लांब बोल्ट बसले, चाक चढलं. फिरलं! पण खेकड्याला किती जागा राहिली हे दिसणार कसं? उद्याशेठ बॅटरी घेऊन आडवा झाला, डोकं आत घालू बघतोय, भाऊजी पट्टी घेऊन उभे. दोन पुरुष, एक डोकं, तेही चाकात.

मी आत गेले, कणकेचा गोळा आणला. म्हटलं, चाक काढा. खेकड्याच्या पाठीवर कणीक थापली. म्हटलं, आता चढवा, आवळा, फिरवा, उतरवा. उतरवल्यावर बघितलं तर कणीक दाबून करंगळीच्या नखाएवढी जाड उरलेली. हा तुमचा क्लिअरन्स! उद्याशेठ म्हणाला, पुरे आहे काकू, एवढी पाहिजेच, आणि एवढी पुरते.

भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. ते अर्ध्या दाढीचं भांडण आज मिटलं असं समजायला हरकत नाही.

गाडी काय दिसते! चार चांदीची ताटं.

संकल्प : रविवारनंतर माझंच गॅरेज काढायचं. उद्याशेठला हाताखाली ठेवीन. पगार उद्या.

१९ मार्च, मंगळवार

नवी पॅड घातली. टेस्ट घ्यायची म्हणून उद्याशेठ स्टेअरिंगवर बसला, मी शेजारी. म्हणाला, काकू, तुम्हीच घ्या ना. म्हटलं, नाही, मेकॅनिकने आधी घ्यावी, जबाबदारी असते.

गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक. मग पुढून खर्रर्र. म्हटलं, नवीन आहे, रुळतंय. वळणावर खर्रर्र खट्. म्हटलं, खडा असेल. उद्याशेठ म्हणाला, काकू, तुम्ही पाय का आपटताय? म्हटलं, मुंग्या आल्यात.

उतरून बघितलं. दोन्ही पुढच्या ताटांना आतून हातभर ओरखडे.

कारण काय, तर जुनी पॅड झिजलेली होती, म्हणून खेकडा आत सरकून बसला होता. नव्या जाड वड्या तोंडात घातल्यावर तो बाहेर सरकला आणि चाकाला भिडला. माझी कणीक बरोबर होती. खेकडा उपाशी असताना माप घेतलं, एवढंच. उद्याशेठ म्हणाला, म्हणून म्हणत होतो, पॅड आधी.

म्हटलं, मग झिजलेलीच घाला परत. म्हणाला, गाडी थांबणार नाही. म्हटलं, थांबायला कोण काढतंय, जायला काढतेय.

भाऊजी हसले नाहीत. मीही नंतर हसले नाही.

आणखी जाड स्पेसर? तेही नाही. चाक फार बाहेर आलं तर आतल्या बेअरिंगचा चुराडा होईल म्हणे. सगळ्याला नाही. अशा माणसाशी लग्न कुणी केलं?

(त्याची बायको चांगली आहे. मिरचीची रोपं नेते.)

२० मार्च, बुधवार

उद्याशेठ आला नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं. गाडीभोवती फिरलं, बॉनेटवर हात फिरवला, आपली असल्यासारखा. माझ्यासमोर! म्हणाला, मावशी, अलॉय राहू द्या, ते मी काढूनच टाकणार.

तो गेल्यावर ह्यांच्या सीटवर जरा बसून बघितलं. सहज. पाय पोचत नाहीत. सीट पुढे घ्यायचा दांडा सापडला नाही. तिथून आपलं घर वेगळंच दिसतं. उतरले.

लेकीचा फोन वाजत होता. घेतला नाही.

२१ मार्च, गुरुवार

स्टेपनी सापडली!

सापडली म्हणजे हरवलीच नव्हती. रोपांच्या पाण्याचं पिंप जिच्यावर ठेवलंय ती. मीच ठेवलं होतं, हे गेल्यावर, पिंप उंच हवं म्हणून. रोज त्यातून पाणी घेते. उद्याशेठ हात धुवायला गेला आणि खाली बघून म्हणाला, काकू, ही काय आहे?

म्हटलं, अरे, तीच तर दाखवायला तुला तिकडे पाठवला.

ह्यांनी शोधून आणलेल्या रिमांपैकीच ती. कोरी करकरीत, थोडं शेवाळ सोडलं तर. म्हणजे एक धड होती ती आणि एक ही. दोन जुन्या पुढे, दोन चांदीच्या मागे. टायर एकाच मापाचे. स्पेसर काढून टाकले, बोल्ट होते ते परत घातले. नव्या वड्या तोंडात ठेवूनच परत कणीक थापली. चाक चढवलं, आवळलं, फिरवलं, उतरवलं. कणकेला नुसता धक्कासुद्धा नाही. माझी करंगळी खेकड्याच्या पाठीवरून आरामात फिरली.

एवढं सगळं करून शेवटी ह्यांचंच माप बरोबर निघालं. जिवंतपणी मी कधी तसं म्हटलं नाही. आत्ताही म्हणत नाही.

गाडी पुढून म्हातारी, मागून नवरी. भाऊजी म्हणाले, वहिनी, गाडी तुमच्यावर गेली. आता मला नेमकं कुठून काय म्हणाले, ते विचारलं नाही.

२३ मार्च, शनिवार

सकाळी ८. उद्याशेठने एकट्याने लांब चक्कर मारून आणली. कसलाही आवाज नाही. ब्रेक असा, की जागच्या जागी थांबते म्हणे. सगळं तयार. आता माघार घ्यायला कारण नाही. म्हणजे माघार घ्यायचीच कुणाला आहे?

दुपार. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू, सगळे ट्रे मोजून बाजूला लावले. भाऊजींनी स्वतः ओझी वाहिली. गिऱ्हाइकाला म्हणाले, वहिनी जिद्दीच्या आहेत, तुमचं काही खरं नाही. किती अभिमानाने बोलत होते. फार बोलतात.

संध्याकाळ. उजव्या मनगटात जरा दुखल्यासारखं वाटतंय. आत्ता नाही वाटत. पण वाटेल.

२४ मार्च, रविवार

पहाटेच मनगटाला फडकं बांधलं. घट्ट.

अंगणात भाऊजी, उद्याशेठ, आणि हरलो तर लगेच न्यायला म्हणून गिऱ्हाईकही हजर. रोपं मागे लावलेली. उद्याशेठने किल्ली माझ्या हातात दिली. धुतलेला शर्ट घालून आला होता बिचारा. मी किल्ली घेतली, चालत गेले, दार उघडलं, बसले, दार ओढलं. समोर स्टेअरिंग नव्हतं. सवयीने माझ्या बाजूला जाऊन बसले होते.

सगळे बघत होते. काच खाली केली, हात वर धरला, म्हटलं, अगं बाई, हे मनगट! काल ट्रे उचलताना लचकलं. भाऊजी, आज तुम्हीच घ्या, मी शेजारून सांगते. रोपं सुकतील नाहीतर.

भाऊजी स्टेअरिंगवर बसले. त्यांचे पाय पोचतात.

गेलो. उतारावर मी ओरडले, ब्रेक! भाऊजींनी मारला. थांबली गाडी, अलगद, ट्रेमधली माती हलली नाही. पुढच्या वळणावर परत ओरडले. ते म्हणाले, वहिनी, ब्रेक मी मारतोय की तुम्ही? आणि माझ्या पायांकडे बघितलं. टाच मॅटच्या भोकात बरोबर बसली होती. इतकी वर्षं तिथेच बसायची. मग ते हसायला लागले, आणि त्यांचं हसणं थेट ह्यांच्यासारखं आहे हे मला आज कळलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

रोपं संपली. झेंडू तर हातोहात. गाडी आपल्या चाकांवर घरी आली. भाऊजींनी गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगितलं, गाडी विकायची नाही. मग किल्ली माझ्या ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, आज हात दुखतोय म्हणून ठीक आहे. पुढच्या रविवारी मात्र तुम्ही चालवायची, मी शेजारी बसणार. दादा सांगायचा ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

तेव्हापासून किल्लीकडे बघत बसलेय. लेकीचा फोन परत येऊन गेला. तिचा तो प्रश्न मला पाठ आहे.

फडकं सोडलं. मनगटाला काहीही झालेलं नाही. मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. बुधवारी जरा बसून बघितलं, तेवढं सोडलं तर त्या बाजूला एक दिवससुद्धा बसले नाही. मला फक्त ब्रेक मारता येतो, तोही माझ्या बाजूचा, आणि तिथे ब्रेक नाही.